वाकड्या आईझाडाचं रान

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा जी गोष्ट म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकली, ती आज तुम्हाला सांगतो. त्या काळी राजे पुष्कळ होते, रस्ते थोडे होते, आणि रान इतकं होतं की ते कधी उणं पडेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

अशाच एका रानाच्या कडेला एक गाव होतं. घरं नदीच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी. शेतं मात्र नदीच्या पलीकडे, कारण सपाट जमीन काय ती तिकडेच. मधली नदी खोल घळीतून धावायची. तिच्यात खांब उभा राहत नसे की होडी तग धरत नसे. म्हणून गावाने घळीवर लाकडी साकव टाकला होता. या काठापासून त्या काठापर्यंत दोन लांबलचक तुळया, मध्ये कुठेही सांधा नाही, आणि वर आडव्या फळ्या. बैल, बियाणं, कापलेलं भात, माहेरी आलेल्या लेकी, सगळा गाव त्या दोन तुळयांवरून ये-जा करायचा.

तुळया झाल्या तरी लाकूडच. एक पिढी सरली की त्या कुजायला लागत. मग रानातून नव्या दोन आणायच्या, गावजेवण घालायचं, आणि पुढच्या पिढीपर्यंत निर्धास्त राहायचं.

गावाची उपजीविका रानावर होती. लोकांनी रानाचे भाग पाडले होते. दरवर्षी एक भाग तोडायचा आणि बाकीचे वाढू द्यायचे. तोडलेल्या झाडाचं काही म्हणून वाया घालवायचे नाहीत. खोडाच्या तुळया आणि वासे, फांद्यांचे नांगर, सालीचा रंग, पानांच्या पत्रावळी. बुंधासुद्धा मुळासकट उपटून त्याचा कोळसा पाडायचे. अशा मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा रान यायचं ते फक्त बियांतून, आणि त्या बिया असायच्या आईझाडाच्या.

आईझाड म्हणजे प्रत्येक भागात न तोडता राखलेलं एक झाड. ते निवडायचं पाटलाने. त्यासाठी पाटलाच्या घरी एक ओळंबा होता, म्हणजे दोरीला बांधलेला गुळगुळीत दगड. दोरी हातात धरून दगड लोंबता सोडायचा आणि झाडाच्या चारी बाजूंनी फिरून पाहायचं. खोड दोरीशी जुळलं, आत पोकळी नसली, पहिली फांदी खूप उंचावर फुटलेली असली, की ते त्या भागाचं आईझाड. मग बायका त्याला हळदकुंकू लावायच्या, बुंध्याला सूत गुंडाळायच्या, खणानारळाने ओटी भरायच्या. कुऱ्हाडवाले पाया पडायचे आणि कामाला लागायचे.

असं का करायचं, हे मात्र कुणी कुणाला सांगत नसे. विचारलं तर म्हातारे म्हणायचे, "चांगलं ते ठेवायचं असतं." एवढ्यावर विचारणारा गप्प बसायचा. मला विचाराल, तर पहिली चूक इथेच झाली. थोरांनी रीत दिली, पण तिचं कारण द्यायचं राहून गेलं.

त्या गावाला एक तरुण पाटील मिळाला. वडील वारले तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. वडिलांचा ओळंबा त्याच्या हाती आला. पोरगा मनाने चांगला होता, कष्टाळू होता. त्याच्या पहिल्याच वर्षी साकवाच्या तुळया बदलायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतः खांदा लावून दोन सरळसोट तुळया घळीपर्यंत आणल्या. गाव म्हणाला, पाटील असावा तर असा.

पुढे दूरच्या बंदरावरून एक लाकडाचा व्यापारी आला. तिकडे वखारी उठत होत्या, गलबतं बांधली जात होती, आणि सरळ, लांब लाकडाला मोठी मागणी होती. व्यापारी काही कपटी नव्हता. भाव रोख द्यायचा, गोड बोलायचा, लहान मुलांना खडीसाखर वाटायचा. गावात गवती छपरं जाऊन कौलांची घरं दिसू लागली, पितळेची घंगाळं आली, बायकांच्या हातांत चांदी आली. यात वाईट काय आहे सांगा? काहीच नाही.

एकदा व्यापारी पाटलाबरोबर तोडीच्या भागात फिरत होता. नुकत्याच निवडलेल्या आईझाडापाशी तो थबकला. त्याने मान वर केली, आणखी वर केली, शेवटी पागोटं खाली पडलं.

"पाटील, हे एक झाड दिलंत तर बाकीच्या सगळ्या भागाइतका भाव देतो."

पाटील रागावला. "शेठ, आईला कोणी विकतं का?"

"छे छे! रीत मोडा असं मी कशाला म्हणेन? एक झाड सोडायचं, हीच ना तुमची रीत? मग ते सोडा की." व्यापाऱ्याने पलीकडे बोट दाखवलं. तिथे एक झाड उभं होतं. बुंध्यातच वाकलेलं, मधूनच दोन फांद्या फुटलेल्या, आणि पोटात ढोली. "त्याला कोण घेणार आहे? ते फुकट उभं राहील. तुमची रीतही राहील आणि गावाचं भलंही होईल."

पाटलाने गावाला देवळापुढे बोलावलं. बराच वेळ वाद झाला. एका म्हाताऱ्याने डोकं हलवलं, पण त्यालाही कारण सांगता येईना. तो नुसता म्हणाला, "आमच्या वेळी असं नव्हतं." अशा बोलण्याला कोण भीक घालतो?

पाटलाची बायको बायकांत बसली होती. तिला राहवलं नाही. "अहो, त्या वाकड्या झाडाची ओटी भरायची? मला नाही बाई ती आई वाटत."

पाटील हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई काय रूपावरून ठरते होय? दिसायला कशीही असली, तरी आई ती आईच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोललाच होता तसं काळजाला भिडणारं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटलीणबाई खाली मान घालून बसल्या, कारण याला उत्तर देणं म्हणजे कुणाच्यातरी आईला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. त्या वर्षी वाकड्या झाडाची पूजा अशी थाटात झाली की तशी कुठल्या सरळ झाडाची कधी झाली नव्हती. जरीचा खण, वाजंत्री, पुरणपोळी. सरळ आईझाड दुसऱ्याच दिवशी आडवं झालं आणि बंदराला गेलं.

ओळंबा पाटलाने खुंटीला टांगला. आता त्याची गरजच उरली नव्हती. जे कुणी विकत घेणार नाही ते झाड ठेवायचं, आणि त्यासाठी दोरीने मोजायला कशाला हवं?

वर्षं गेली. दरवर्षी एक भाग तुटला, दरवर्षी एक वाकडं झाड पूजलं गेलं. आणि गंमत बघा, रान काही कमी झालं नाही! बिया पडत होत्या, रोपं येत होती, मोकळ्या जागा पुन्हा हिरव्या होत होत्या. परगावचे लोक येऊन म्हणायचे, "रान राखावं तर तुम्हीच." पाटलाच्या मिशीला पीळ चढायचा.

पण बंदरावर कुजबुज सुरू झाली. या गावाकडून येणाऱ्या नव्या लाकडात वाक निघतो, फाटे निघतात. कुजबुज राजापर्यंत गेली. राजाच्या पदरी एक बाई होती, झाडांची पारख करणारी. देशोदेशीची रानं तिने पायाखाली घातली होती. राजाने तिला गावात पाठवलं.

ती पावसाळाभर राहिली. कोवळी झाडं पाहिली, जुनी पाहिली, लोकांना पुष्कळ प्रश्न विचारले. उंच पठारावरच्या एका भागात तिला एक सरळ आईझाड अजून उभं दिसलं. तिथे बैलगाडी पोचत नव्हती, म्हणूनच ते वाचलं होतं. बाईने त्या झाडाच्या बिया गोळा केल्या, वाकड्या आईझाडाच्याही गोळा केल्या, आणि देवळामागे शेजारी-शेजारी दोन वाफे केले. माती एक, पाणी एक, ऊन एक.

पाटलाने विचारलं, "बाई, यातून काय कळणार?"

"वाक मातीतून येतो की बियांतून, ते कळेल."

"केव्हा?"

"रोपांची झाडं होतील तेव्हा. मी घाई करून ती वाढणार नाहीत."

"आणि तोवर आम्ही काय पोटाला चिमटा काढून बसायचं?"

"तसं कुठे म्हणते मी? विका, खुशाल विका. रान काय नुसतं बघायला असतं? फक्त पठारावरचं ते एक झाड मी परत येईपर्यंत तोडू नका. माझा अंदाज खरा ठरला, तर तुमच्या साकवाच्या पुढच्या तुळया त्याच्याच बियांत आहेत."

पाटलाने शब्द दिला. देताना तो खोटं बोलत नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. शब्द देताना माणूस बहुधा खराच असतो.

दोन पावसाळे त्याने शब्द पाळला. मग व्यापाऱ्याने पदरमोड करून पठारापर्यंत गाडीवाट काढली. बंदरावर त्याची नवी वखार उभी राहत होती आणि तिच्या आढ्याला एकसंध लाकूड हवं होतं. पाटील देवळामागे गेला. दोन्ही वाफ्यांतली रोपं गुडघ्याएवढी झाली होती. या वाफ्यातली सरळ, त्या वाफ्यातलीही सरळच. डावं-उजवं करायला जागा नव्हती. पाटलाला हायसं वाटलं. "उगीच भीती घालत होती बाई," असं म्हणत तो घरी आला आणि पठारावरच्या झाडाचा सौदा झाला.

बाई परत आली तेव्हा पाटलाने तिला आधी वाफेच दाखवले. "बघा तुमच्या डोळ्यांनी! आहे काही फरक?"

"लहानपणी सगळीच रोपं सरळ असतात, पाटील," ती म्हणाली. "पठारावर जाऊ या."

पठारावर झाड नव्हतं. रिवाजाप्रमाणे बुंधाही उपटला होता, त्याचा कोळसाही झाला होता. उरला होता एक खड्डा, त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. बाई कितीतरी वेळ खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून राहिली. पाटील बाजूला उभा. त्याला वाटलं, आता ही राजाची माणसं बोलावणार, दंड करणार. पण ती उठली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि तिने एवढंच सांगितलं, "त्या वाफ्यांना कुंपण तेवढं घाला. गुरं खातील."

पाटील ओशाळला होता. बाई गेल्यावर त्याने खरोखरच काट्याकुट्यांचं भक्कम कुंपण घातलं. मग कामाच्या रगाड्यात तो त्या वाफ्यांना विसरून गेला.

हळूहळू त्याचे केस पिकले. पाटलीणबाई देवाघरी गेल्या. मुलाचं लग्न झालं, नात झाली. आणि एका वर्षी साकवावरून जाताना बैल बिचकू लागले. पाहिलं तर दोन्ही तुळया आतून भुसभुशीत झाल्या होत्या.

"पाटील, तुळया शोधा," गाव म्हणाला.

म्हाताऱ्या पाटलाने खुंटीवरचा ओळंबा काढला. दोरी जीर्ण झाली होती, ती बदलली. मग तो रानात शिरला. एका झाडापाशी दोरी धरली, खोड कमरेतून वळलेलं. दुसऱ्यापाशी धरली, त्याला डोक्याएवढ्या उंचीवरच फाटे फुटलेले. एक भाग पालथा घातला, दुसरा घातला, सगळे भाग झाले. रान दाट होतं, हिरवंगार होतं, पाखरांनी भरलेलं होतं. पण घळ ओलांडेल असं एकही झाड त्यात नव्हतं. दोरी सरळ लोंबत राहायची आणि झाड तिच्यापासून दूर जायचं. संध्याकाळी पाटील खाली बसला आणि त्याला भोवतालच्या त्या झाडांत ओळखीचा वाक दिसला. बुंध्यात वाकलेलं, मधूनच दोन फांद्या, पोटात ढोली. जरीच्या खणाने ज्याची ओटी भरली होती, त्याचीच ही सगळी लेकरं.

तरी त्याने आशा सोडली नाही. तो बंदराला गेला. व्यापारीही आता म्हातारा झाला होता. दोघे वखारीत बसले.

"शेठ, दोन लांब तुळया द्या. मागाल तो भाव देतो."

"कुठून देऊ, पाटील? तेवढ्या लांबीचं लाकूड आता बंदरावर उतरतच नाही. एकच आहे." व्यापाऱ्याने वर बोट केलं.

पाटलाने वर पाहिलं. वखारीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध आढं गेलं होतं. एका टोकाशी बारीक खाचा दिसत होत्या, वर्षानुवर्षं गुंडाळून राहिलेल्या सुताने खोडावर पडलेल्या. ते पठारावरचं आईझाड होतं.

"काढून दिलं असतं हो," व्यापारी खालच्या आवाजात म्हणाला. "पण ते काढलं तर सगळं छप्पर खाली येईल. आणि तेही तुमच्या घळीला एकटं कसं पुरणार?"

पाटील रिकाम्या हाताने परतला. गावाने दोन-दोन आखूड लाकडं लोखंडी पट्ट्यांनी सांधून साकव उभा केला. भाताच्या कापणीआधी मोठा पाऊस आला, घळ गर्जत होती. साकवावर कुणी नव्हतं, एवढं नशीब. सांधे निसटले आणि गावाच्या डोळ्यांदेखत साकव पाण्यात गेला. पलीकडे पिकलेलं भात उभं होतं. अलीकडे हातात विळे घेतलेली माणसं उभी होती. आठवडाभर त्यांनी पाखरांना ते भात खाताना पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात गाव फुटलं. ज्यांना शेत सोडवत नव्हतं ते डोंगराला लांबचा, फक्त उन्हाळ्यातच चालता येणारा वळसा घालून पलीकडच्या काठावर राहायला गेले. पाटलाचा मुलगाही निघाला. वळशाची वाट म्हाताऱ्याच्या पायांना झेपणारी नव्हती, आणि त्यालाही आता कुठे जायचं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सून अंगणात नाचणीची कणसं निवडत होती. भरदार कणसं एका बाजूला, किडकी-खुरटी दुसऱ्या बाजूला. म्हातारा शेजारी बसून मदत करू लागला. त्याने भरदार कणसांचा ढीग दळणाच्या टोपलीकडे सरकवला.

"अहो मामंजी, ती नको!" सून हसून म्हणाली. "ती बियाण्याची आहेत. खायला ही बारकी घ्यायची."

"का गं? चांगलं ते माणसांनी खावं."

"आणि बारकं पेरावं? मग येत्या वर्षी सगळं शेत असलंच येईल की!"

म्हाताऱ्याचा हात तिथेच थांबला. हे त्याला ठाऊक नव्हतं का? जन्मभर त्याच्या घरात बियाण्याचं कणीस निवडूनच ठेवलं होतं. त्याची आई तसंच करायची, बायको तसंच करायची. एका वर्षात उगवणाऱ्या नाचणीचं त्याला कळत होतं. एका आयुष्यात उगवणाऱ्या झाडाचं मात्र कळलं नाही.

तो उठला आणि काठी टेकत देवळामागे गेला. कुंपण वाढून त्याची जाळी झाली होती. ती बाजूला करून तो आत शिरला. दोन रांगा उभ्या होत्या. एका रांगेतली झाडं वाकडीतिकडी, एकमेकांत गुंतलेली. दुसरी रांग सरळ. तिच्यातली झाडं मांडीएवढी जाड झाली होती, तुळई व्हायला अजून एक आयुष्य हवं होतं. म्हाताऱ्याने कनवटीचा ओळंबा काढून एकेका खोडाजवळ धरला. दोरी आणि खोड जुळत होतं. बाईचं उत्तर आलं होतं. ते ऐकायला बाई नव्हती, आणि ज्याने ऐकलं त्याच्या हातात वेळ नव्हता. म्हातारा सरळ रांगेतल्या पहिल्या झाडाला मिठी मारून लहान मुलासारखा रडला.

मुलगा-सून गेली. घळीच्या पलीकडे त्यांची चूल पेटली की धूर दिसायचा. नात काठावर येऊन हात हलवायची, काहीतरी ओरडायची, पण नदीच्या आवाजात शब्द पोचायचे नाहीत. म्हातारा मान डोलवायचा, जणू त्याला सगळं ऐकू आलं. मग देवळामागे जाऊन सरळ रांगेला पाणी घालायचा. झाडांवर बिया धरू लागल्या, तशा त्या वेचून तोडलेल्या मोकळ्या भागांत पेरायचा. अलीकडे उरलेल्या चार घरांतली मुलं जमली, की त्यांना ओळंबा धरायला शिकवायचा. नुसती रीत शिकवून तो थांबायचा नाही. तो त्यांना कारणही सांगायचा, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत.

एका थंडीत तो गेला. सरळ रांगेतल्या पहिल्या झाडाला त्याचा ओळंबा टांगलेला सापडला. नात घळीच्या पलीकडून त्याच्या चितेचा धूर पाहत उभी राहिली. साकव पुन्हा उभा राहिला तो तिचे केस पांढरे झाल्यावर, असं म्हणतात. त्या साकवावरून ती सगळ्यांत आधी अलीकडे आली, पण तोवर तिची वाट पाहणारं तिथे कुणी राहिलं नव्हतं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: उत्तम ते विकून जो टाकाऊ ते बियाण्याला ठेवतो, तो आपल्या नातवंडांच्या वाट्याला टाकाऊच ठेवून जातो.